पटावरची नावं

काबूल तालिबानच्या हाती पडून पाच दिवस झाले होते. विमानतळाच्या भिंतीशी माणसांचे लोंढे थडकत होते. त्याच दिवसांत, २० ऑगस्ट २०२१ रोजी, शबाना बसीज-रासिख यांनी एक छोटी चित्रफीत लोकांसमोर ठेवली. तीत फक्त जळणारे कागद दिसतात. अफगाणिस्तानातल्या मुलींच्या एकमेव निवासी शाळेच्या त्या संस्थापिका, आणि जळत होत्या त्यांच्याच विद्यार्थिनींच्या नोंदी. सोबत त्यांनी लिहिलं होतं, की हे मी मुलींना पुसून टाकण्यासाठी करत नाही, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना वाचवण्यासाठी करते आहे.

शाळेत नोकरी केलेल्या माणसाला हे दृश्य बघवत नाही. आपल्याकडे शाळेला आग लागली तर शिपाईसुद्धा आधी जनरल रजिस्टर बाहेर काढेल. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, कुठल्या शाळेतून आली, कितवीत बसली, कधी सोडून गेली, सगळं त्यात असतं. पन्नास वर्षांनी कुणी दाखला मागायला आलं, तरी तो त्या रजिस्टरातूनच निघतो. आणि इथे शाळेच्या बाईंनीच ते आपल्या हाताने आगीत घातलं.

शबानाबाईंनी तेव्हा एक जुनी गोष्टही सांगितली. मार्च २००२ मध्ये, तालिबानची पहिली राजवट संपल्यावर, हजारो मुलींना जवळच्या सरकारी शाळेत चाचणीसाठी बोलावण्यात आलं. चाचणी कशाला? तर मुलींच्या शाळांमधल्या नोंदी तालिबानने जाळून टाकल्या होत्या आणि कोणाला कितवीत बसवायचं हे सांगणारा कागदच उरला नव्हता. चाचणीला बसलेल्या त्या मुलींमध्ये त्या स्वतःही होत्या. म्हणजे एकोणीस वर्षांत तेच कागद दोनदा जळले. एकदा मुलींचं नाव मिटवायला, एकदा ते नाव धरणाऱ्या मुलीला वाचवायला.

अफगाण मुलींच्या शिक्षणाची गोष्ट मला या पटाच्या बाजूने सांगावीशी वाटते. कारण आज काबूल, हेरात, कंदाहारच्या घराघरांत मोबाइलच्या पडद्यावर जी शाळा भरते, तिच्यात बाई आहेत, पुस्तक आहे, गृहपाठ आहे, चुकलं तर समजावून सांगणं आहे. नाही तो फक्त पट.

२००२ च्या त्या चाचणीत मुलींना काही लिहिता आलं, ते कुठून? २७ सप्टेंबर १९९६ ला तालिबान काबूलमध्ये शिरले तेव्हा शबाना सहा वर्षांची होती. मुलींच्या शाळा बंद झाल्या. बाईमाणसाने पुरुष सोबतीला असल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, असा हुकूम निघाला. तेव्हा आईवडिलांनी शबानाला मुलाचे कपडे घातले. मोठ्या बहिणीसोबत चालणारा हा ‘भाऊ’ रस्त्यावरच्या पहारेकऱ्यांना पुरेसा होता. दोघी मिळून एका घरात भरणाऱ्या चोरट्या शाळेत जात. रोज वाट वेगळी. पुस्तकं किराणामालाच्या पिशवीत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं पोरं बाजार करून निघालीत. एका घराच्या बैठकीच्या खोलीत शंभराहून जास्त मुली दाटीने बसत. हिवाळ्यात त्या गर्दीची ऊब असे, उन्हाळ्यात जीव गुदमरे. कधी संशय आला की आठवडाभर शाळा बंद. पाच वर्षं हे चाललं, आणि या पाच वर्षांची कुठेही नोंद नाही.

हेरातमध्ये शिवणवर्गाचा आडोसा होता. ‘सोनेरी सुई’ असं त्या वर्गाचं नाव. बायका बुरख्यात येत. हातातल्या पिशवीत कापड, कात्री, दोऱ्याची रिळं, आणि त्याखाली वही. शिवणकाम शिकायला तालिबानची हरकत नव्हती. घर होतं हेरात विद्यापीठातल्या साहित्याच्या एका प्राध्यापकांचं, आणि शिकवणं चाले कवितेचं, कादंबरीचं, टीकेचं. बाहेर मुलं खेळत. अनोळखी माणूस दिसला की एखादं पोर आत येऊन जाई, तेवढा इशारा पुरे. वह्या खाली, कापड मांडीवर. नादिया अंजुमन ही पुढे नावाजलेली कवयित्री याच वर्गात घडली. २००५ साली तिचा पहिला संग्रह आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पंचविशीही गाठण्याआधी, नवऱ्याच्या मारहाणीनंतर ती गेली. नुसती शाळा मिळाली की बाईचं सगळं नीट होतं असं मी म्हणत नाही. पण तिच्या कविता आज आहेत, त्या पिशवीतल्या त्या वहीमुळे आहेत.

सकिना याकूबी यांच्या अफगाण इन्स्टिट्यूट ऑफ लर्निंगने त्या काळात अशा ऐंशी गुप्त शाळा चालवल्या. तीन हजार मुली त्यांत शिकत होत्या. शिकवणाऱ्या बाया बहुतेक नोकरीवरून घरी बसवलेल्या शिक्षिकाच होत्या. मुलींना शाळेबाहेर काढलं की शिक्षिकाही बाहेर पडते, आणि मग त्या दोघींची गाठ कुठल्यातरी खोलीत पडतेच. पुढच्या सगळ्या हकिकतीत हे पुन्हा पुन्हा दिसतं.

याच्याही मागे जायला हवं. बाहेरून आलेल्या सैन्याने मुलींच्या शाळा आणल्या, असं एक चित्र आपल्या मनात वर्तमानपत्रांनी रंगवलेलं आहे, आणि ते खरं नाही. काबूलमधली मुलींची पहिली शाळा १९२१ साली उघडली ती राजा अमानुल्लाहच्या राजवटीत, राणी सुरैय्या यांच्या पुढाकाराने. तिचं नाव मस्तूरात, म्हणजे पडद्यातल्या बायांची. राणीच्या आई अस्मा रस्मिया त्या शाळेच्या कामात होत्या आणि ‘इर्शाद-ए-निस्वान’ हे स्त्रियांसाठीचं पहिलं नियतकालिकही त्यांनी त्याच साली काढलं. १९२८ मध्ये काही मुलींना पुढच्या शिक्षणासाठी तुर्कस्तानला पाठवण्यात आलं. त्याच वर्षाच्या शेवटी जलालाबादच्या बाजूला शिनवारी टोळ्यांनी बंड केलं. बंडाची कारणं बरीच होती. करांचा बोजा होता, सक्तीची लष्करभरती होती, राजाची घाई होती. पण बंडखोरांच्या तक्रारींत मुलींची शाळा होती, आणि तुर्कस्तानला गेलेल्या मुलीही होत्या. जानेवारी १९२९ मध्ये अमानुल्लाहने गादी सोडली. नव्या सत्ताधीशाने मुलींच्या शाळा बंद केल्या.

या कथेला मुंबईचा एक धागा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये राजाराणी युरोपच्या दौऱ्याला निघाले ते मुंबईच्या बंदरातून. दीड वर्षाने, गादी गमावल्यावर, ते देशाबाहेर पडले तेही मुंबईवरूनच. राणी तेव्हा गरोदर होत्या. १९२९ च्या जून महिन्यात मुंबईत त्यांना मुलगी झाली आणि तिचं नाव त्यांनी इंडिया ठेवलं. पुढे सगळे बोटीने इटलीला गेले. आपल्या शहरात जन्मलेली ही राजकन्या परक्या देशात वाढली, ज्या कारणांनी तिचं घर गेलं त्यांतलं एक कारण मुलींची शाळा हे होतं, आणि आज मुंबईत हे कुणाच्या गावीही नाही, याची मला खंत वाटते.

पुढची दशकं मी भरभर ओलांडतो. शाळा हळूहळू पुन्हा उघडल्या, काबूल विद्यापीठात मुली आल्या, मग युद्धं आली. २००१ नंतरच्या वीस वर्षांत जे झालं त्याचे युनेस्कोचे दोन आकडे पुरेसे आहेत. प्राथमिक शाळेतल्या मुली जवळजवळ शून्यावरून २०१८ पर्यंत पंचवीस लाखांवर गेल्या. उच्च शिक्षणात २०२१ मध्ये लाखभर मुली होत्या. २०२० च्या ‘कोंकोर’ या देशव्यापी प्रवेशपरीक्षेत सुमारे पावणेदोन लाख मुलामुलींत पहिली आली ती कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या एका मजुराची मुलगी. ती ज्या शिकवणीत जात होती तिथे दोन वर्षांपूर्वी आत्मघाती स्फोट झाला होता. ती पुन्हा जाऊन बसली होती.

मग ऑगस्ट २०२१. शाळा बंद करताना एकदाही ‘बंद’ असं म्हटलं गेलं नाही. १७ सप्टेंबरच्या पत्रकात एवढंच होतं, की माध्यमिक शाळेच्या मुलांनी आणि पुरुष शिक्षकांनी उद्यापासून यावं. मुलींचा उल्लेखच नाही. सातवी ते बारावीच्या मुली घरी राहिल्या, कारण त्यांना या म्हणून कुणी सांगितलं नाही. पुढच्या वसंतात, नौरोज झाल्यावर, २३ मार्च २०२२ रोजी शाळा उघडतील असं जाहीर झालं. मुली काळा अंगरखा आणि पांढरी ओढणी हा गणवेश घालून पोचल्या. काही वर्गांत तर बसल्याही. काही तासांतच निरोप आला, की परत जा. शरियत आणि परंपरेला धरून आराखडा ठरला की कळवू. मुली दप्तर पोटाशी धरून रडत रस्त्याने निघाल्या, ती छायाचित्रं जगभर छापून आली. डिसेंबरच्या २० तारखेला विद्यापीठांना पत्र गेलं, मुलींचं शिक्षण पुढील आदेशापर्यंत स्थगित. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले, तेव्हाही तेच उत्तर: आम्ही ते हराम म्हटलेलं नाही, दुसरा आदेश येईपर्यंत थांबवलं आहे. मार्च २०२५ मध्ये युनिसेफने अशा थांबवलेल्या मुलींची संख्या बावीस लाख सांगितली. तालिबानमध्येही एकमत नाही. तेव्हाचे उपपरराष्ट्रमंत्री स्तानिकझई, जे तरुणपणी देहरादूनच्या लष्करी प्रबोधिनीत शिकले, त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये खोस्तच्या सभेत उघड सांगितलं, की चार कोटींतल्या दोन कोटी माणसांवर आपण अन्याय करतो आहोत. त्यानंतर लवकरच ते देशाबाहेर गेले. तालिबानच्या सर्वोच्च नेत्याचा, कंदाहारहून निघणारा आदेश बदलला नाही.

आता पडद्यावरच्या शाळेकडे येतो.

अँजेला गयूर यांची हकिकत बघा. जन्म हेरातचा. १९९२ च्या यादवीत आठ वर्षांची ही मुलगी घरच्यांबरोबर इराणला पळाली. कागदपत्रं तात्पुरती, म्हणून पाच वर्षं शाळेने तिला घेतलं नाही. तेराव्या वर्षी शाळा मिळाली, तेव्हा ती रोज घरी येऊन आपल्यासारख्याच शाळेबाहेरच्या अफगाण मुलांना बसवून शिकवू लागली. पुढे शिक्षिका झाल्या, युरोपात गेल्या. २०२१ मध्ये काबूल पडल्यावर त्यांनी इंग्लंडमध्ये बसून ‘हेरात ऑनलाइन स्कूल’ सुरू केलं. साधन होतं टेलिग्राम आणि स्काइप. काही महिन्यांत चारशेच्या वर स्वयंसेवक शिक्षक आणि हजारभर विद्यार्थिनी जमल्या. गणित होतं, चित्रकला होती, स्वयंपाक होता, संगीत होतं. तेराव्या वर्षी अंगणात भरवलेला वर्गच पुढे टेलिग्रामवर गेला, असंच मला दिसतं.

दुसरी वाट रेडिओची. हमीदा अमान यांनी ‘रेडिओ बेगम’ ८ मार्च २०२१ ला काबूलमध्ये सुरू केला. बायांनी बायांसाठी चालवलेला. पाच महिन्यांत सत्ता पालटली, पण स्टुडिओ सुरू राहिला आणि शाळा बंद झाल्यावर त्याचा वर्ग झाला. शाळेबाहेर काढलेल्या मुली स्टुडिओत बसायच्या, बाई शिकवायच्या, आणि तो तास हवेतून घराघरांत जायचा. २०२४ च्या ८ मार्चला त्याला जोडून पॅरिसहून उपग्रहावरची ‘बेगम टीव्ही’ आली. दरी आणि पश्तो या दोन्ही भाषांत सातवी ते बारावीचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या साडेआठ हजारांहून जास्त चित्रफिती त्यांनी इंटरनेटवर ठेवल्या. बीबीसीने एप्रिल २०२३ पासून ‘दर्स’ म्हणजे ‘धडा’ नावाचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. काबूलमधून बाहेर पडाव्या लागलेल्या महिला पत्रकार तो सादर करतात. आणि ज्या शाळेचे कागद जळले ती शाळा, ‘सोला’, विद्यार्थिनी, शिक्षक आणि त्यांचे कुटुंबीय अशी अडीचशेच्या आसपास माणसं घेऊन रवांडात गेली आणि तिथे पुन्हा भरली. तिने पुढे घरी राहिलेल्या मुलींसाठी व्हॉट्सॲपवरून चालणारा वर्ग काढला.

व्हॉट्सॲपच का, हा प्रश्न कामाचा आहे. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत गावोगावी मुलं रेंजसाठी टेकाडावर आणि झाडाखाली बसली होती, त्यामुळे आपल्याला हे लवकर समजेल. अफगाणिस्तानात इंटरनेट पाचातल्या एकापर्यंतही धड पोचलेलं नव्हतं. डेटा महाग. वीज मोठ्या प्रमाणावर उझबेकिस्तान, ताजिकिस्तानकडून विकत येते आणि हिवाळ्यात तासन्‌तास जाते. घरात फोन एक, आणि तो बहुधा भावाच्या किंवा वडिलांच्या हातात. अशा ठिकाणी झूमवर चाळीस चेहऱ्यांचा वर्ग भरत नाही. तिथे चालतो बाईंनी रेकॉर्ड करून पाठवलेला पाच मिनिटांचा आवाज. तो रात्री उतरवून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी वीज नसतानाही ऐकायचा. पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो येतो. गणित वहीत सोडवायचं आणि वहीचा फोटो परत पाठवायचा. बाई त्यावर लाल रेघ ओढून तो पुन्हा पाठवतात. थेट तास असेल तेव्हा कॅमेरे बंद. नाव खरं असेलच असं नाही, आडनाव तर नाहीच.

अशा वर्गात हजेरी कशी घेणार?

‘हजेरी’ हा शब्द आपण रोज वापरतो आणि तो कुठून आला हे विसरतो. हजेरी, दाखला, दप्तर, कागद, शाई, आपल्या शाळेतलं अर्धं सामान फारसीच्या वाटेने आलं. काबूलच्या वर्गातही ‘हाजिरी’च घेतात, आणि नाव पुकारलं की मुलगी ‘हाजिर’ म्हणते. पुण्यातली ‘हजर’ म्हणणारी आणि काबूलची ‘हाजिर’ म्हणणारी या एकाच शब्दाच्या दोन टोकांना उभ्या आहेत. ऑनलाइन वर्गात तो शब्द आवाजात म्हणायलाही मुली कचरतात, कारण शेजारच्या खोलीत पाहुणे असू शकतात. ऑगस्ट २०२४ च्या पस्तीस कलमांच्या कायद्याने तर बाईचा आवाजच झाकून ठेवायच्या गोष्टींत मोडला. मग हजेरी म्हणजे एक अंगठ्याचं चित्र, किंवा ठरलेला एखादा आकडा. बाई तेवढ्यावर समजतात, की अमुक मुलगी आज आली.

या वर्गाचा पुण्याशीही संबंध आहे. अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं आपल्याकडे येत आले, भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर आणि स्वखर्चानेही. सावित्रीबाईंचं नाव असलेल्या विद्यापीठात त्यांनी पदव्या घेतल्या, कोंढव्यात आणि कॅम्पात खोल्या घेऊन राहिले. कोविडमध्ये भारतातल्या विद्यापीठांतले बरेच अफगाण विद्यार्थी घरी गेले आणि तिथून ऑनलाइन तास करत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने अफगाण नागरिकांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले. विद्यापीठं पुन्हा प्रत्यक्ष भरू लागली आणि ही मुलं सीमेपलीकडेच राहिली. मुलांना निदान दुसरी काही वाट शोधता आली. मुलींना घरातच बसावं लागलं. पुढे २०२३ पासून भारताने अफगाण विद्यार्थ्यांना ऑनलाइन पदवीसाठी शिष्यवृत्त्या दिल्या आणि घेणाऱ्यांत शेकडो मुली आहेत. या शिष्यवृत्त्यांचं महत्त्व मला फार वाटतं, आणि त्याचं कारण पुन्हा कागदच आहे. काबूलचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागे असतं. इथल्या विद्यापीठाचा सकाळी दहाचा तास तिथे नऊला सुरू होतो, आणि शेवटी हाती पदवी येते.

कारण पडद्यावरच्या शाळेची खरी अडचण ज्ञानाची नाही. रसायनशास्त्राचा धडा पॅरिसहून येवो की टोरांटोहून, तो धडाच असतो. अडचण अशी, की नववी, दहावी, अकरावी मन लावून शिकलेल्या मुलीपाशी हे दाखवायला एक चिठोरं नसतं. अमेरिकेतलं युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल हे ऑनलाइन विद्यापीठ अफगाण मुलींना शिष्यवृत्त्या देतं, हजारोंनी अर्ज केले. पण पदवीच्या वर्गात शिरायला बारावी लागते. बारावीच्या मुलींना डिसेंबर २०२२ मध्ये अचानक एक संधी देण्यात आली. वर्षभर शाळा बंद असताना, एका दिवसाच्या पूर्वसूचनेने, चौदा विषयांची परीक्षा. बऱ्याच जणींकडे पुस्तकंही नव्हती. तरी मुली आल्या, कारण त्या कागदाची किंमत त्यांना माहीत होती. त्यांच्या मागे जी मुलगी तेव्हा अकरावीत किंवा आठवीत होती, तिला तेवढीही दारं उघडली नाहीत.

त्याच डिसेंबरात काबूलच्या एका प्राध्यापकांनी, इस्माईल मशाल यांनी, दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रमात आपली प्रमाणपत्रं एकेक करून फाडली. माझी आई आणि बहीण शिकू शकत नसतील, तर हे मला नको, असं त्यांचं म्हणणं. नंतर ते हातगाडीवर पुस्तकं घेऊन काबूलच्या रस्त्यांवर वाटत फिरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना पकडलं, महिनाभराने सोडलं. खेडोपाडी फिरतं ग्रंथालय नेणारे ‘पेन पाथ’चे मतीउल्लाह वेसा त्याच वर्षी सात महिने कोठडीत होते.

काही शिक्षण असंही आहे, जे पडद्यावर होऊच शकत नाही. विद्यापीठं बंद झाल्यावर मुलींसाठी दाई आणि परिचारिकांचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्था तेवढ्या उरल्या होत्या. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला त्याही बंद झाल्या. नाडी कशी बघायची ते चित्रफितीत सांगता येतं. अडलेल्या बाळंतिणीपाशी हात कसा ठेवायचा हे अनुभवी हाताशेजारी उभं राहूनच येतं. २०२० च्या अंदाजानुसार ज्या देशात लाख जिवंत जन्मांमागे सहाशेवर माता दगावत होत्या, आणि जिथे बाईला बाईनेच तपासायचं हा दंडक आहे, तिथे हा आदेश उद्याच्या बाळंतिणींवर आहे.

आणि मुळात ही शाळा एका तारेवर टांगलेली आहे. ४ फेब्रुवारी २०२५ ला रेडिओ बेगमच्या काबूलमधल्या कचेरीवर छापा पडला. संगणक, हार्ड डिस्क, फोन नेले, दोघांना धरून नेलं. काही आठवड्यांनी प्रक्षेपणाची परवानगी मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर बल्ख प्रांतात अनैतिकता रोखण्याच्या नावाखाली फायबरचं इंटरनेट तोडलं गेलं, पाठोपाठ आणखी प्रांतांत. २९ सप्टेंबरला सगळा देशच अंधारात गेला. मोबाइलसुद्धा बंद. विमानं थांबली, बँका थांबल्या. परदेशातल्या अफगाणांना आईवडील जिवंत आहेत की नाहीत हे कळेना. दोन दिवसांनी, १ ऑक्टोबरला, जाळं परत आलं. व्यापार अडला म्हणून आलं असेल. मुलींच्या वर्गासाठी आलं नाही एवढं नक्की. त्या दोन दिवसांत ऑनलाइन शाळांच्या बाईंना पडद्यावर फक्त एकेक राखाडी खूण दिसत राहिली. निरोप निघाला, पोचला नाही. उपग्रहावरचा धडा मात्र तार तोडली तरी येत राहतो, डिश असेल तिथे. पण त्यात मुलीला उलट काही विचारता येत नाही, आणि ती आज आली होती की नाही हे बाईंना कधीच कळत नाही.

हे सगळं वाचताना मी पुन्हा पुन्हा एका ठिकाणी थांबलो. अफगाणिस्तानात मुलींना सहावीपर्यंत शाळेत जायची मुभा आहे. पुढच्या वर्गाचं दार नाही. वर्षअखेरीस सहावीच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. त्यांतल्या काहींनी गेल्या काही वर्षांत एक वेगळीच वाट काढली आहे. उत्तीर्ण झालेल्या मुली नव्या वर्षी पुन्हा सहावीतच नाव घालतात. काहीजणी तर मुद्दाम नापास होतात. घरी रात्री फोनवर सातवीचं बीजगणित, आणि सकाळी पांढरी ओढणी घेऊन सहावीच्या बाकावर, आपल्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी. धडे तेच, कविता त्याच, पाठ झालेल्या. बाईही बहुतेक त्याच. बाई पट उघडतात, नाव पुकारतात, आणि मुलगी उभी राहून मोठ्याने ‘हाजिर’ म्हणते.